उजव्या हाताचे आठ महिने

आमच्या आसपासच्या बिल्डिंगमध्ये कोणाला लकवा झाला की चार दिवसांत त्यांच्या घरचं कोणीतरी माझ्या दारात उभं राहतं. "ताई, तुम्ही सुया घेतल्या होत्या ना? फरक पडतो का?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि सगळं सांगायचं तर तास जातो. म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसणारी कारकून आहे. आलेलं पत्र रजिस्टरात चढवायचं, जाणारं पत्र चढवायचं, हे माझं काम. इथेही जसं घडलं तसंच चढवते आहे.

कळशी

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. भाईंदर पूर्वेच्या नवघरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नव्हती आणि पाणी वर चढत नव्हतं. सकाळी खालच्या नळाला धार असेपर्यंत भरायचं आणि वर न्यायचं. त्या सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कळशी माझ्या उजव्या हातातून सुटली आणि ठणठणत खाली गेली. हात ओला असेल म्हणून मी साडीला पुसला आणि कळशी उचलायला गेले, तर बोटं वळेनात. मी सुजाताला हाक मारली. हाक तोंडातून निघाली ती घोगरी, जड, दुसऱ्याच कोणाची असावी तशी.

सुजाता माझी मुलगी. तेव्हा एकवीस वर्षांची, मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा पास होऊन घरी बसलेली. तिने मला धरून वर आणलं. माझ्या मिस्टरांनी तोंडाकडे पाहिलं आणि पेणकरपाड्याला राहणाऱ्या त्यांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या वन्संना, निरोप पाठवला. पहिली चूक ती. वन्सं आल्या, माझा वाकडा ओठ पाहिला आणि म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलंय. हॉस्पिटलात याला औषध नसतं. वरसाव्याच्या बाजूला एक जण कबुतराच्या रक्ताने चोळतो, तो बरा करेल."

सुजाता म्हणाली, "आत्या, आधी डॉक्टरकडे नेऊ."

"तू टायपिंग शिकलीस, डॉक्टरकी कधी शिकलीस?"

मला रिक्षात घालून नेलं. त्या माणसाने खांद्यापासून बोटांपर्यंत आणि गालाला कबुतराचं रक्त चोळलं, वर फडकं गुंडाळलं आणि तीन दिवस पाणी लावू नका, वारं लागू देऊ नका, असं सांगितलं. मला नको म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द येत नव्हता. दुपारी घरी आणलं. चार वाजता उठायला गेले तर उजवा पायही गेलेला होता. तेव्हा सुजाताने कोणाला न विचारता टॅक्सी आणली.

मुंबईतल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिली पाच मिनिटं जखम शोधण्यात घालवली. "एवढं रक्त आहे, कापलंय कुठे?" मिस्टर खाली बघत म्हणाले, "कापलं नाही, साहेब. कबुतराचं आहे." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले नाहीत, हेच नवल. एवढंच म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर बरं झालं असतं."

माझी चूक त्याहून जुनी होती. मला ब्लडप्रेशर होतं, गोळी चालू होती आणि ती मी सहा महिन्यांपूर्वी बंद केली होती. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, तिची सवय लागते, असं मीच ठरवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला बोलता येत नव्हतं. त्याचा मला थोडा दिलासाच वाटला, हेही लिहून ठेवते.

वॉर्ड

मी बारा दिवस वॉर्डात होते. सकाळी अंग पुसायचं, चादर बदलायची, डॉक्टरांचा राउंड, दुपारी व्यायामवाली बाई, संध्याकाळी चारला भेटायला येणारे. यांतलं एकही काम माझं नव्हतं. एरवी घरात आणि कचेरीत माझ्यावाचून काही हलत नाही असं मी समजत होते. तिथे माझ्यावाचून माझा हातसुद्धा हलत होता. दुसरं कोणीतरी तो उचलून छातीवर ठेवायचं.

भीती कशाची वाटली ते सांगते. मरणाची फारशी नाही. चौथ्या दिवशी व्यायामवाल्या बाईंनी पेन्सिल माझ्या बोटांत बसवली आणि नाव लिहा म्हणाल्या. पेन्सिल पडली. परत बसवली, परत पडली. माझे वडील गोदीत हमाली करायचे. मला मॅट्रिक करायचं म्हणून ते स्वतः अंगठेबहाद्दर असून रात्रशाळेच्या मास्तरांकडे माझी वही तपासायला न्यायचे. आमच्या घराण्यात टेबलाशी बसून लिहिणारी पहिली मी. पडलेली ती पेन्सिल बघून काय वाटलं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

वॉर्डातली एक मावशी मात्र लक्षात राहिली. तिने न विचारता रोज माझी वेणी घातली. बाकी सगळे "काळजी करू नका" म्हणायचे. ती म्हणायची, "केस विंचरलेलं माणूस आजारी दिसत नाय."

आठव्या दिवशी आमचे हेडक्लार्क परब आले. सज्जन माणूस. हातात मोसंबी, चेहरा मयताला आल्यासारखा. माझ्याशी दोन शब्द बोलले आणि मिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, पण मला ऐकू येईल अशा आवाजात, "रजा आठ महिने ताणता येईल. मग मेडिकल बोर्ड. बोर्डाने अनफिट केलं तर पेन्शन बसेल आणि घरातल्या एकाला नोकरी लागेल. सुजाता टायपिंग पास आहे ना? होऊन जाईल तिचं. तुम्ही काळजी करू नका."

मिस्टरांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला पलंगावरून दिसलं. त्यांची गिरणी बंद पडून वर्षं झाली होती. ते भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॉलिशचं काम करायचे आणि संध्याकाळी काळे होऊन यायचे. घर माझ्या नोकरीवर उभं होतं. नोकरी गेली तरी नोकरी घरातच राहणार, यापेक्षा चांगली बातमी आम्हांला कोण आणणार होतं?

घरी

वन्संनी ते आपल्या शब्दांत सांगितलं. "आजार आला खरा, पण येताना पोरीची नोकरी घेऊन आला."

खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मलाही हे पटलं होतं. वर्षानुवर्षं भरती बंद असते, सुटते तेव्हा हजारात एक लागतो. मुलीला सरकारी नोकरी लागली तर तिचं आयुष्य मार्गी लागेल. माझं काय, अर्धं झालंच होतं. विहारातल्या बायका भेटायला यायच्या, त्याही सुजाताकडे बघून म्हणायच्या, "हिचं तरी चांगलं झालं." सुजाता चहा ठेवायला आत जायची.

पाय सुधारला. तिसऱ्या महिन्यात मी काठी घेऊन घरात फिरू लागले, बोलणंही बरंच सुटलं. हात मात्र अडला. खांदा हलायचा, कोपर थोडं वाकायचं, पण मूठ घट्ट आवळलेली. ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. लुळा हात लोकांना माहीत असतो, पण पुढे तो आखडतो हे माहीत नसतं. नखं तळव्यात रुतायची, मुठीत घाम साचून वास यायचा. सुजाता सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात माझा हात धरून एकेक बोट उघडायची. करंगळीपासून सुरुवात. जोर लावायचा नाही, वाट बघायची, असं व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं होतं. एक मूठ उघडायला वीस मिनिटं, आणि टबातून बाहेर काढली की परत बंद.

हंसाबेन

आमच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीने हंसाबेनचं नाव सांगितलं. त्या एमबीबीएस होत्या आणि त्यावर ॲक्युपंक्चर शिकलेल्या. भाईंदर पश्चिमेला भांड्यांच्या दुकानावरची एक खोली, हा त्यांचा दवाखाना. मी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना आधी विचारलं. ते म्हणाले, "घ्यायच्या तर घ्या. पण व्यायाम सोडायचा नाही आणि गोळ्या सोडायच्या नाहीत." एवढं ऐकून मी गेले.

पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हणजे स्टेशनचा पूल चढायचा. पहिल्या दिवशी मला पंचवीस मिनिटं लागली. एका हाताने कठडा, दुसऱ्या बाजूला सुजाता, मागून लोकांचं "आगे बढो, आजी!" मी शेहेचाळीस वर्षांची होते. आजी ऐकून पाय जरा जोरात उचलला.

हंसाबेन जाड भिंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी कागद मागितले, सगळे वाचले, ब्लडप्रेशर घेतलं.

"गोळी घेते?"

"घेते."

"रोज?"

"आता रोज."

"आता म्हणजे? पहेलां नव्हती घेत?" मी नाही म्हणून मान हलवली. "जुओ ताई, सुई काय जादू नथी. मी लिहून देणार नाही की तू बरी होशील. दोन-तीन महिने कर, फरक दिसला तर पुढे, नाही तर मीच सांगीन बंद कर. पण गोळी बंद केली तर माझ्या पायरीवर चढायचं नाही. आणि घरी व्यायाम कोण करून घेते?"

सुजाताने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"मग अर्धी डॉक्टर तर तुझ्या घरीच आहे."

सुयांची भीती मला होती. त्या काळात एकाची सुई दुसऱ्याला लावली तर काय होतं हे नुकतंच लोकांना कळायला लागलं होतं. मी पहिल्याच दिवशी तेच विचारलं. हंसाबेननी कपाट उघडून दाखवलं. प्रत्येक पेशंटची वेगळी काचेची नळी, त्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. माझ्या सुया फक्त मला, आणि त्याही दरवेळी मशीनमध्ये वाफवून. कोणाकडे सुया घ्यायला जाल तर हे पहिलं विचारा. आता तर वापरून फेकायच्या सुया मिळतात, त्याच मागा.

दुखतं का, असं सगळे विचारतात. टोचताना मुंगी चावल्यासारखं. त्यानंतर जे होतं ते दुखणं नाही, जडपणा आहे. हातावर कोणी भिजलेली गोधडी ठेवावी तसं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, कोपराखाली, गुडघ्याखाली, पावलावर, अशा दहा-बारा सुया. दोन-तीन सुयांना वायरी लावून एका छोट्या डब्यातून हलका करंट द्यायच्या. पहिल्यांदा तो दिला तेव्हा माझं मधलं बोट टुकटुक हलायला लागलं. मी तीन महिने त्या बोटाला हुकूम देत होते आणि ते ऐकत नव्हतं. आता कोणीही न सांगता नाचत होतं. मला हसू आलं, मग रडू आलं. हंसाबेन म्हणाल्या, "रडली तर चालेल, हलू नको. सुई वाकेल."

पहिल्या सहा बैठकांत काहीच झालं नाही. सातव्या की आठव्या वेळी घरी आल्यावर सुजाताने टबात हात धरला आणि मूठ पाच मिनिटांत उघडली. संध्याकाळी परत आखडली. पण पुढच्या वेळी परत तसंच. सुया घेतल्यावर तीन-चार तास हात सैल राहायचा. मग आम्ही दोघींनी तेच धरलं. सुयांच्या दिवशी घरी आल्या आल्या जेवणसुद्धा न करता व्यायाम: वाटाणे उचलायचे, कपड्यांचे चिमटे लावायचे, पाटीवर रेघा ओढायच्या. सैलपणा सुयांनी दिला आणि त्या सैलपणात हात कामाला आम्ही लावला. हे माझं मत. सुयांशिवायही इतकं झालं असतं का? कदाचित झालं असतं, उशिरा. मी हे हंसाबेनना विचारलं, तर म्हणाल्या, "श्रेय वाटायला बसली तर माझ्या वाट्याला सगळ्यात कमी येईल. म्हणून मी विचारतच नाही."

जूनच्या शेवटी मी उजव्या हाताने चमचा तोंडाशी नेला. अर्धा भात पदरावर पडला, अर्धा तोंडात गेला. मिस्टर बघत होते. ते हसले, आणि मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या घरात माझ्या बरं होण्याची एक अडचण आहे.

वन्संचा सल्ला

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर सुजाता टबात पाणी ओतत होती आणि वन्सं तिला हसत हसत सांगत होत्या, "एवढी चोळू नकोस गं आईला. हात बरा झाला तर नोकरी तुझीच जाईल."

सुजाता म्हणाली, "आत्या, सरका जरा. पाणी सांडेल."

आणि टब घेऊन आत आली, करंगळी धरली आणि सुरुवात केली.

मी तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होते. चार महिने ही मुलगी माझं एकेक बोट उघडत होती आणि उघडणाऱ्या प्रत्येक बोटाबरोबर तिची नोकरी एक पाऊल लांब जात होती. तिला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी मात्र आजवर तिच्या बाजूने विचार केला नव्हता. आजारी माणूस फार स्वार्थी होतं. सगळं जग आपल्या गादीभोवती बसलंय असं त्याला वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, आज सुयांना नको, पूल चढवत नाही. पुढच्या खेपेलाही नको म्हणाले, पाय दुखतोय. असे चौदा-पंधरा दिवस गेले. मूठ परत आखडायला लागली. मिस्टर फक्त एकदा म्हणाले, "तुझं तू ठरव. पण पोरीचा विचार कर." वन्सं जास्त स्पष्ट. "बोर्डाच्या दिवशी हात पदराखाली ठेवायचा. उचला म्हणाले तर अर्धाच उचलायचा. खोटं कुठे आहे? अर्धा तर आहेच."

मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. तोच एका सकाळी सुजाताने काठी आणून माझ्या पुढ्यात आपटली.

"चल. सुया."

"पाय दुखतोय."

"पाय दुखत नाहीये. तू काय करतेयस ते मला कळतंय."

"तुझ्या नोकरीचं…"

"नोकरीचं मला माहीत नाही. पण तुला भरवायचा, तुझी साडी नेसवायचा, तुझे केस धुवायचा मला कंटाळा आलाय. जन्मभर मी हे करणार नाही, आत्ताच सांगते. ऊठ."

एवढं खरं त्या आठ महिन्यांत कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी उठले. पुलावर ती माझ्या दोन पायऱ्या पुढे चालली, आधारही दिला नाही. हंसाबेननी मूठ बघितली आणि सुजातावरच ओरडल्या, "पंधरा दिवस कुठे होती? मी केलेलं सगळं धुऊन टाकलं!" सुजाताने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

बोर्ड

सप्टेंबरात बोर्ड झाला. एका सरकारी हॉस्पिटलचा लांब हॉल, तीन डॉक्टर, आणि बाहेर बाकावर आम्ही पंधरा-वीस जण. मला हे माहीत नव्हतं की तिथे दोन्ही प्रकारची माणसं असतात. अर्ध्यांना फिट व्हायचं असतं, अर्ध्यांना अनफिट. बाकावर बसल्या बसल्या ओळखता येतात. फिटवाले ताठ बसलेले, अनफिटवाले नातेवाइकांच्या खांद्यावर.

माझं नाव पुकारलं. सुजाता दारापाशी उभी राहिली. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, त्यांची दोन बोटं दाबायला लावली, टेबलावरची टाचणी उचलायला सांगितली. हात वर गेला. बोटं दाबली गेली. टाचणी तीनदा निसटली, चौथ्यांदा नखाने ओढून घेतली. मग कागद दिला. "नाव, हुद्दा आणि आजची तारीख." मी लिहिलं. वेळ लागला. अक्षरं मोठी, हलकी, उजवीकडे घसरत गेलेली, पण वाचता येत होती.

मधले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमची केस मधली आहे. फिट लिहिलं तरी चुकीचं होणार नाही, अनफिट लिहिलं तरी चुकीचं होणार नाही." त्यांनी फाइल उलटली. परबांनी काहीतरी लिहिलं असावं, कारण ते म्हणाले, "मुलगी आहे ना? पदवीधर?"

"बारावी. टायपिंग पास."

"मग काय लिहू?"

हा माणूस माझं भलंच करत होता. परबांनी भलंच केलं होतं, वन्संनीही, मिस्टरांनीही. आठ महिने सगळी भली माणसं मला उचलून बाजूला ठेवत होती.

मागे वळून सुजाताकडे बघावं असं फार वाटलं. बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं, आणि दोन्हीपैकी जे म्हणाली असती ते तिच्या गळ्यात जन्मभर राहिलं असतं. माझ्या गळ्यात राहिलेलं चालेल.

"फिट लिहा," मी म्हणाले. "बसून काम आहे. सावकाश होईल, पण होईल."

डॉक्टरांनी तसंच लिहिलं. "सहा महिने हलकं काम," असं खाली जोडलं.

नंतर

कचेरीत पहिल्या दिवशी मी आठ पत्रं चढवली. पूर्वी तेवढ्या वेळात साठ चढवायचे. शेजारच्या टेबलावरचा सावंत म्हणाला, "बाई, काही हरकत नाही. सरकारी पत्रं आहेत, त्यांना कुठे घाई आहे." दिवाळीपर्यंत मी तिसावर आले. सुया पुढे आठवड्यातून एकदा, असं करत मार्चमध्ये हंसाबेननीच बंद केल्या. "आता फक्त चहा प्यायला ये," असं त्या म्हणाल्या.

आज हात असा आहे: भाकरी थापता येते, ब्लाउजची हुकं लागतात, लिहिता येतं. सुईत दोरा ओवता येत नाही. थंडीत बोटं जड होतात. पूर्वीसारखा झाला असं म्हणणार नाही.

विचारायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. तोंड वाकडं झालं, हातातून वस्तू पडली, जीभ जड झाली, की घड्याळ बघा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. मालिशवाला, अंगारा, सुया, सगळं नंतर. ब्लडप्रेशरची गोळी बरं वाटतं म्हणून बंद करू नका, बरं वाटतं ते गोळीमुळेच वाटतं. सुया घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून, शिकलेल्या माणसाकडे, स्वच्छ सुयांनी. ज्या सुयावाल्याने "गोळ्या सोडा" म्हटलं त्याच्या पायऱ्या उतरा. सुया घेऊन घरी गेल्यावर झोपू नका, हात कामाला लावा. आणि घरात रोगी बरा होण्यात कोणाची काही अडचण असेल तर ती उघड बोला. आमच्याकडे ती आठ महिने टबाभोवती फिरत होती आणि सगळे पाणी सांभाळत होते.

राहिली सुजाता. बोर्डाहून घरी आल्यावर वन्संनी कपाळाला हात लावला, "पोरीच्या ताटातलं ओढून घेतलंस," म्हणाल्या. मिस्टर म्हणाले, "बरं," आणि चहा ठेवायला उठले. सुजाता आठ दिवस गप्प होती. मी समजूत काढायला गेले नाही. तिचं नुकसान खरं होतं, ते गोड बोलून भरून येणार नव्हतं.

नवव्या दिवशी तिने माझ्यापुढे तीन-चार मोठी पाकिटं, एक पेन आणि वर्तमानपत्रातलं कात्रण टाकलं. कारकुनांच्या भरतीची परीक्षा होती.

"अर्ज मी भरलाय. पत्ता तू लिही."

"मी? माझं अक्षर बघितलंयस ना?"

"हात ठेवून घेतलायस ना स्वतःकडे? मग लिही."

मी बसले. पहिल्या पाकिटावर पिनकोड कोपऱ्याबाहेर गेला. तिने ते उचललं, फाडलं आणि दुसरं पुढे केलं. दुसऱ्यावर शाई फिसकटली. तिसरं पुढे आलं. पाऊण तास लागला. ती समोर भिंतीला टेकून बसून होती, उठली नाही. तिसरं पाकीट जमलं. तिने उजेडात धरून बघितलं आणि पोस्टात टाकायला घेऊन गेली.

त्या परीक्षेचं बोलावणं काही आलं नाही. पुढच्या भरतीत ती पास झाली, दुसऱ्या खात्यात लागली आणि आता माझ्याहून वरच्या टेबलावर बसते. त्या दुसऱ्या वेळी पत्ता तिने स्वतः लिहिला होता. पत्ता पोस्टमनला वाचता न आल्यामुळे पहिला अर्ज पोचलाच नाही, असं ती अजून चारचौघांत सांगते, आणि मी तिला ते सांगू देते.